नीटनंतर आणि एमबीबीएसआधी: मधले महिने कसे ठरवावेत

2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी नीटची परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली, निकाल जूनमध्ये लागला आणि एमबीबीएसचे वर्ग प्रत्यक्ष भरायला मात्र पावसाळा सरत आला. म्हणजे परीक्षा आणि पहिला तास यांच्यामध्ये चार-पाच महिने मोकळे राहतात. नाशिकमध्ये कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये दोन वर्षे सकाळपासून रात्रीपर्यंत घालवलेल्या मुलामुलींना हा काळ एक सलग सुट्टी वाटतो आणि नेमकी तिथेच गफलत होते. हा काळ सलग नसतो. परीक्षेपासून निकालापर्यंतचा पहिला तुकडा पूर्ण रिकामा असतो. निकालापासून जागा मिळेपर्यंतचा दुसरा तुकडा दिसायला रिकामा असला, तरी कोणत्या दिवशी कोणती यादी लागेल याचा भरवसा नसल्याने तो अडकलेला असतो. जागा मिळाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचा तिसरा तुकडा तर कधीकधी जेमतेम आठवड्याभराचा निघतो. त्यामुळे जे काही मोठे करायचे असेल ते पहिल्या तुकड्यात करावे, दुसऱ्या तुकड्यात अर्ध्यावर सोडून पुन्हा धरता येतील अशीच कामे ठेवावीत आणि तिसऱ्यावर कसलीही भिस्त ठेवू नये.

या काळात काय करावे, याविषयी सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. कोणी जिम लावायला सांगतो, कोणी गिटार शिकायला, तर कोणी प्रथम वर्षाची पुस्तके आतापासूनच हाती घ्यायला. यातून निवड करण्यासाठी मी एकच कसोटी सुचवतो. जी गोष्ट मनात आहे, ती येत्या डिसेंबरमध्ये वसतिगृहात राहून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वर्ग आणि डिसेक्शन (शवविच्छेदन) करून करता येईल का, हे स्वतःला विचारावे. करता येणार असेल, किंवा कॉलेज ती आपणहून करून घेणार असेल, तर आत्ता तिच्यावर वेळ घालवू नये. वेब मालिका डिसेंबरमध्येही पाहता येतात आणि अ‍ॅनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, तर डिसेंबरमध्ये सक्तीनेच करावे लागते. मात्र आजीबरोबर सलग पंधरा दिवस राहणे, लसीचे दोन डोस पूर्ण करणे, वाहन परवाना काढणे किंवा बिघडलेली झोप सावकाश रुळावर आणणे या गोष्टी तेव्हा जमत नाहीत. या कसोटीला जे उतरेल त्यातून एक मोठी गोष्ट, रोज अर्धा-पाऊण तास देता येईल अशी एक छोटी गोष्ट आणि उरकून टाकायच्या कामांची एक यादी, एवढेच घ्यावे. एकाहून अधिक मोठ्या गोष्टी घेतल्या, तर जुलैच्या मध्यावर सगळ्याच अर्धवट राहतात.

पहिले दहा-पंधरा दिवस मात्र काहीही ठरवू नये, हे मी अगदी गंभीरपणे सांगतो. दोन वर्षे प्रत्येक तासाचा हिशेब ठेवल्यावर तो हिशेब एका दुपारी अचानक संपतो. परीक्षा दोन ते पाच या वेळेत आटोपून केंद्राबाहेर आल्यावर उद्या उठून काय करायचे हेच कळत नाही. त्यात उत्तरसूची लागेपर्यंत गुणांची बेरीज-वजाबाकी डोक्यात चालूच असते. या अवस्थेत आखलेले वेळापत्रक हे बहुतेकदा जुन्या वेळापत्रकाचीच नक्कल असते. झोपावे, खावे, मित्रांबरोबर एखाद्या सकाळी मिसळ खायला जावे, गंगापूर धरणाकडे फिरून यावे. आई-वडिलांनीही या दिवसांत ‘आता पुढे काय’ हा प्रश्न थोडा आवरावा. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल किंवा सतत रडू येत असेल, तर तो आळस समजू नये आणि डॉक्टरांशी बोलावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. पुढे जाऊन इतरांना जो सल्ला द्यायचा आहे, तो आधी स्वतः पाळलेला बरा.

कागदपत्रांचे काम

यानंतरचे पहिले काम कागदपत्रांचे. ते निकालाची वाट न पाहता मे महिन्यातच सुरू करावे, कारण निकाल लागल्यावर जिल्ह्यातील सगळे विद्यार्थी त्याच खिडक्यांवर येतात. प्रवेशाचे दोन मार्ग समांतर चालतात. सरकारी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागा, तसेच एम्स आणि अभिमत विद्यापीठे यांची प्रक्रिया केंद्रीय समिती राबवते, तर राज्याच्या 85 टक्के जागांची आणि राज्यातील खासगी महाविद्यालयांची प्रक्रिया राज्याचा सीईटी कक्ष राबवतो. दोन्हींची संकेतस्थळे, वेळापत्रके आणि नियम वेगळे आहेत. कोणत्या फेरीनंतर जागा सोडली तर अनामत रक्कम जाते आणि कोणत्या फेरीनंतर जागा सोडताच येत नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून स्वतः वाचावे. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याने सांगितलेला नियम या वर्षी तसाच असेल असे गृहीत धरू नये.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, आणि मध्ये वर्ष गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र ही सर्वांनाच लागणारी कागदपत्रे आहेत. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांसाठी जातीचा दाखला पुरेसा नसून जात पडताळणी प्रमाणपत्रही लागते आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत तपासावी लागते. ही मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे अकरावीत काढलेला दाखला घरातल्या फायलीत जपून ठेवलेला असला तरी तो कामाचा असेलच असे नाही. शुल्क सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. आपले सरकार केंद्रात किंवा तहसील कचेरीच्या सेतूमध्ये अर्ज करताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासावी: दहावीची गुणपत्रिका, आधार आणि नीटचा अर्ज या तिन्हींवर नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी आहे का. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, किंवा आईच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी, एवढ्यावरून पडताळणीच्या टेबलावर तासन्‌तास अडकलेले पालक दरवर्षी दिसतात. मूळ कागद एका फायलीत, साक्षांकित प्रतींचे तीन संच दुसऱ्या फायलीत आणि सर्व कागदांच्या स्पष्ट स्कॅन प्रती मोबाइलमध्ये, अशी तजवीज केली म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

याच फायलीत आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, जे विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावे लागते. दुसरी म्हणजे बंधपत्र. महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासकीय सेवा करावी लागते आणि ती न केल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. ही अट अनेक घरांमध्ये सही करण्याच्या दिवशीच पहिल्यांदा वाचली जाते. ती जूनमध्येच, सर्वांनी एकत्र बसून वाचावी आणि अभ्यासक्रम साडेचार वर्षे, इंटर्नशिप एक वर्ष आणि ही सेवा एक वर्ष असा हिशेब घरात एकदा स्पष्ट करून घ्यावा.

लस आणि तब्येत

कागदपत्रांइतकेच तातडीचे, पण जवळजवळ कोणीच न सांगणारे काम लसीकरणाचे आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याचा रक्ताशी आणि सुयांशी संबंध येणारच असतो आणि हिपॅटायटिस बी हा विषाणू सुई टोचण्यातून सहज पसरतो. त्याची लस तीन डोसांत दिली जाते. पहिल्या डोसानंतर एका महिन्याने दुसरा आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. जूनच्या मध्यावर सुरुवात केली, तर दुसरा डोस जुलैच्या मध्यावर येतो आणि तिसरा डिसेंबरच्या मध्यावर. म्हणजे वर्ग सुरू होण्याआधी दोन डोस झालेले असतात. कॉलेजमध्ये गेल्यावर सुरुवात करू म्हटले, तर शेवटचा डोस पुढच्या वर्षावर जातो आणि बरेचदा राहूनच जातो.

आधी लहानपणीचे लसीकरण कार्ड शोधावे. अनेक घरांत ते बाळाच्या पहिल्या फोटोंबरोबर कपाटाच्या वरच्या कप्प्यात सापडते. बालपणी तिन्ही डोस झाले असतील, तर नव्याने लस घेण्याऐवजी रक्तातील प्रतिपिंडांची (अँटिबॉडीजची) तपासणी करता येते. तिचा आकडा 10 किंवा त्याहून अधिक आला तर संरक्षण आहे असे मानतात. कमी आला तर एखादा बूस्टर घ्यायचा की कसे, हे डॉक्टर सांगतात. त्याच भेटीत धनुर्वाताचा बूस्टर आणि कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, हेही विचारून घ्यावे. चष्म्याचा नंबर तपासावा, दाढेचे राहिलेले काम उरकावे, मुलींनी हिमोग्लोबिन आवर्जून पाहावे. दोन वर्षे डब्यातले गार जेवण आणि चहा-बिस्किटे यांवर काढल्यावर ते कमी निघाले तर नवल नाही आणि लोहाच्या गोळ्यांनी ते भरून यायला दोन-तीन महिने लागतात, जे आत्ता हाताशी आहेत.

व्यायामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गोल्फ क्लब मैदानावर किंवा कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज सकाळी पाऊण तास चालणे किंवा धावणे पुरेसे आहे. त्याचा खरा फायदा असा की त्यामुळे सकाळी सहाला उठणे सवयीचे होते. पोहता येत नसेल तर मात्र हाच काळ ते शिकण्याचा आहे.

पुस्तके आत्ताच उघडावीत का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच असतो आणि माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. प्रथम वर्षात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन विषय असतात. त्यांतला पहिला विषय टेबलासमोर उभे राहून, हाताने ऊती बाजूला करत शिकायचा आहे. काखेतून जाणारी रक्तवाहिनी कोणत्या स्नायूमागून जाते आणि चेतातंतूंचे कोणते जाळे तिच्याभोवती असते, हे पलंगावर पडून वाचले तर केवळ नावांची रास उरते. डिसेक्शन हॉलमध्ये ती रास एका दुपारी अर्थपूर्ण होते. त्या दुपारी कोरे असणे हे आधीचे अर्धवट पाठांतर घेऊन जाण्यापेक्षा बरे. शिवाय कोणता लेखक वाचायचा हे प्रत्येक कॉलेजच्या शिक्षकांवर अवलंबून असते आणि मे महिन्यात हौसेने घेतलेले दोन जाडजूड खंड ऑक्टोबरमध्ये अर्ध्या किमतीला विकावे लागतात. ‘प्रथम वर्षाची पूर्वतयारी’ म्हणून महागडे ऑनलाइन अभ्यासक्रम विकले जातात, त्यांवर एक रुपयाही घालवू नये.

याला दोन अपवाद आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीतून सलग वाचन करताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याने रोज इंग्रजीतील पंधरा-वीस पाने वाचावीत. विषय कोणताही चालेल, क्रिकेटवरचे पुस्तक असले तरी चालेल, कारण पुढे अडचण संज्ञांची कमी आणि पानभर इंग्रजी न थांबता वाचून त्यातला मुद्दा धरण्याची जास्त असते. टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालय, ज्याला सगळे नाशिक ‘सावाना’ म्हणते आणि ज्याची स्थापना 1840 सालची आहे, त्याचे सभासदत्व या चार महिन्यांसाठी घेणे हा स्वस्तातला सौदा आहे. दुसरा अपवाद वर्ग सुरू होण्याच्या आधीच्या दोन आठवड्यांचा. अकरावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातील मानवी शरीराचे धडे, परीक्षेचे दडपण नसताना, एकदा गोष्टीसारखे वाचून काढावेत. एवढे पुरते.

दवाखाना रुग्णाच्या बाजूने पाहणे

मोठी एक गोष्ट कोणती घ्यावी, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे असेल, पण मला विचारले तर मी हीच सुचवेन. डॉक्टर झाल्यावर रुग्णालय कायम टेबलाच्या पलीकडच्या बाजूने दिसणार आहे. अलीकडच्या बाजूने ते पाहण्याची ही जवळजवळ शेवटची संधी असते. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही. घरातल्या आजोबांना, शेजारच्या काकूंना किंवा घरी काम करणाऱ्या मावशींना तपासणीसाठी जायचे असेल, तेव्हा सोबत म्हणून जावे. त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे नाशिककरांच्या ‘सिव्हिल’मध्ये, सकाळी लवकर पोहोचावे, केसपेपरच्या रांगेत स्वतः उभे राहावे, मग ओपीडीच्या बाकावर रुग्णाशेजारी बसावे आणि तिथून रक्ततपासणी, एक्स-रे आणि औषधांची खिडकी असा अख्खा फेरा त्यांच्याबरोबर पूर्ण करावा.

या फेऱ्यात पाहण्यासारखे पुष्कळ असते. पेठ किंवा सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेली बाई केसपेपर मिळवून, नंबर लागून डॉक्टरांसमोर पोहोचते तेव्हा तिला परतीच्या गाडीची चिंता लागलेली असते. म्हणून डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांना ती भराभर ‘हो’ म्हणते. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत, तरीही तिची त्या दिवसाची मजुरी बुडालेलीच असते, गाडीभाडे गेलेले असते आणि ‘परवा रिपोर्ट घ्यायला या’ या वाक्याचा तिच्यासाठी अर्थ आणखी एक मजुरी असा असतो. औषधांच्या खिडकीवर तीन पाकिटे हातात पडतात, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे अर्ध्या मिनिटात सांगितले जाते, मागच्याचा हात खिडकीत आलेला असतो. बाहेर आल्यावर ती ती पाकिटे कोणाला तरी दाखवून पुन्हा विचारते. त्या ‘कोणाला तरी’च्या जागी आपण असावे आणि आपल्याला काय येते व काय येत नाही हे लक्षात घ्यावे. गोळीविषयी स्वतःच्या मनाने काही सांगू नये. पाकिटावर लिहिलेले वाचून दाखवावे आणि शंका असल्यास तिच्याबरोबर पुन्हा खिडकीपर्यंत जावे.

खासगी दवाखान्याची बाजू पाहायची असेल, तर आपल्या घरच्या डॉक्टरांना सरळ विचारावे. आठवडाभर संध्याकाळी दवाखान्यात येऊन बसू का, एवढेच. बरेच जण आनंदाने हो म्हणतात. तिथे तीन गोष्टी पाळाव्यात. रुग्णाची परवानगी घेतल्याशिवाय तपासणीच्या खोलीत थांबू नये, फोटो काढू नये आणि जे ऐकले ते घरी जेवताना नावानिशी सांगू नये. डॉक्टरांनी प्रेमाने ‘हे इंजेक्शन देऊन बघ’ म्हटले तरी नम्रपणे नकार द्यावा, कारण ते काम आज आपले नाही. ज्यांचे आजोळ खेड्यात आहे त्यांनी गावातल्या आशाताईंबरोबर एखादा दिवस फिरावे. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आता विद्यार्थ्याने काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याची नोंद ठेवण्याचा कार्यक्रम आहे, आणि आशाताई कोणत्या घरात चप्पल बाहेर काढून बसतात, कोणत्या घरात ओट्यावरूनच बोलतात, हे एकदा पाहिलेले असेल तर त्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी अवघडल्यासारखे होत नाही.

याच फिरण्यात एक वही जवळ ठेवावी आणि लोक आपले दुखणे कसे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या शहरी मुलांना तर याची फारच गरज असते. ठणका, कळ, चमक, चावल्यासारखे होणे आणि जड वाटणे ही सगळी दुखणीच, पण सांगणाऱ्याच्या मनात ती वेगवेगळी असतात. मुरडा, जळजळ, धाप, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावर जाणे हे शब्द ऐकून गोंधळणारा डॉक्टर रुग्णाचा विश्वास पहिल्याच भेटीत गमावतो. जिल्ह्यातच मालेगाव-बागलाणकडे गेल्यावर अहिराणी कानावर येते, सुरगाणा-पेठकडे कोकणा आदिवासी समाजाची बोली, मालेगाव शहरात उर्दू वळणाची हिंदी. बोली चार महिन्यांत येणार नाही, पण ‘कुठे दुखते’, ‘कधीपासून’, ‘भूक लागते का’ हे चार प्रश्न दोन बोलींत विचारता आले तरी समोरचा माणूस मोकळा होतो.

काही छोटी कामे

प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कॉलेजमध्येही थोडेफार मिळते, म्हणून कसोटी काटेकोर लावली तर ते वगळावे लागेल. तरीही मी ते ठेवतो, कारण जागा मिळाल्याची बातमी पसरल्या दिवसापासून गल्लीत कोणी चक्कर येऊन पडले की हाक तुम्हालाच येणार असते. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत जाऊन छाती दाबण्याचा सराव पुतळ्यावर करावा. छातीच्या मध्यभागी, किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबणे हे वाचायला सोपे आहे आणि दोन मिनिटांत दंड भरून येतात, हे केल्यावरच समजते. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील भातपट्ट्यात पावसाळ्यात सर्पदंश होतात. दंशाच्या जागी काप घेऊ नये, घट्ट दोरी आवळू नये, तो हात किंवा पाय हलू न देता 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे, एवढे माहीत असले आणि घाबरलेल्या नातेवाइकांना शांतपणे सांगता आले, तरी पुष्कळ झाले.

वय 18 पूर्ण झाले असेल तर पेठ रोडवरच्या आरटीओतून शिकाऊ परवाना काढावा. तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते आणि शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, म्हणजे हे गणित या सुट्टीत बरोबर बसते. मतदार यादीत नावही त्याच आठवड्यात नोंदवावे. स्वयंपाकात कुकरचा वरणभात, खिचडी, पोहे आणि अंड्याचा एखादा प्रकार एवढे आले की मेस बंद असलेल्या रविवारी उपाशी राहावे लागत नाही. स्वतःचे बँक खाते हाताळणे, महिन्याचा खर्च लिहून ठेवणे आणि कपडे धुणे हे मुलग्यांनीही शिकावे, हे 2020 च्या दशकात वेगळे सांगावे लागू नये, पण लागते.

कमाई करायची असेल तर सोसायटीतल्या दहावीच्या दोन-तीन मुलांना विज्ञान शिकवावे. मोठ्या क्लासमध्ये शंकानिरसनाचे काम मिळते आणि पैसेही बरे मिळतात, मात्र तिथे पुन्हा त्याच प्रश्नपत्रिकांच्या वातावरणात दिवस जातो, त्यामुळे महिन्याभरापेक्षा जास्त ते करू नये. सहलींविषयी एवढेच, की लांबचा प्रवास निकालाआधी करावा. निकालानंतर कागदपत्रे पडताळणीसाठी दोन-तीन दिवसांच्या सूचनेवर हजर राहावे लागू शकते आणि तेव्हा हिमाचलात असणे परवडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अंजनेरी, ब्रह्मगिरी किंवा रामशेज जवळच आहेत. निसरड्या पायऱ्यांवर बेताने चालावे. पायाला प्लास्टर घालून डिसेक्शन टेबलापाशी तासभर उभे राहता येत नाही.

निकालानंतर सत्कारांचा हंगाम येतो. ज्ञातीची संस्था, गणेश मंडळ, जुनी शाळा, नगरसेवक, शिवाय क्लासचे फलक वेगळेच. शाल आणि नारळ आनंदाने घ्यावेत, पण शाळेचा सत्कार सोडून बाकीच्यांतले निम्मे टाळले तरी कोणाचे बिघडत नाही. याच दिवसांत नातेवाईक ‘डॉक्टरसाहेब’ म्हणू लागतात आणि बीपीच्या गोळीविषयी विचारतात. ‘काका, मी अजून पहिल्या दिवशीही गेलेलो नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारू या, मी येतो सोबत’ हे उत्तर आताच तोंडी बसवावे. ते पुढची दोन-तीन वर्षे कामी येते.

क्रमांक काठावर असेल तर

गुण असे असतील की जागा मिळेलही किंवा मिळणारही नाही, तर वरचे बेत थोडे बदलतात. शेवटच्या फेऱ्या लांबतात आणि त्या संपेपर्यंत ना सुट्टी भोगता येते ना अभ्यास होतो. अशा घरांनी निकालाच्या आठवड्यातच दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली, किती शुल्कापर्यंत खासगी किंवा अभिमत महाविद्यालय परवडते आणि बीडीएस (दंतवैद्यक), बीएएमएस (आयुर्वेद) किंवा फिजिओथेरपी यांपैकी काय मनापासून चालेल. दुसरी, पुन्हा परीक्षा द्यायची झाल्यास कोणत्या तारखेपासून अभ्यास सुरू करायचा. ती तारीख ऑगस्टच्या आतली असावी. बीएस्सीला किंवा इतरत्र प्रवेश घेऊन ठेवणार असाल, तर मूळ दाखला अडकत नाही ना आणि तो परत मिळायला किती दिवस लागतात, हे प्रवेश घेण्याआधी विचारावे. हे निर्णय रागात किंवा शेजाऱ्यांच्या मुलाकडे पाहून न घेता, जूनमध्ये, डोके थंड असताना घेतलेले बरे. कसोटी इथेही लागू आहे. दवाखान्यात रुग्णासोबत काढलेला महिना, वाचलेले इंग्रजी आणि रुळावर आलेली झोप, जागा मिळाली नाही तरी वाया जात नाहीत.

जागा मिळाल्यावर

मिळालेली जागा आडगावला असो, घोटीजवळच्या धामणगावला, धुळ्याला, मुंबईला किंवा थेट गोंदियाला, परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ मात्र आपल्या दिंडोरी रोडवरच म्हसरूळला आहे. अभिमत विद्यापीठे आणि एम्ससारख्या संस्था तेवढ्या त्याच्या कक्षेबाहेर. त्याचा घरबसल्या काही उपयोग होत नाही, पण गोंदियाला गेल्यावर ‘तुमच्या गावातून निकाल कधी लागणार’ असे मित्र विचारतात, याची तयारी ठेवावी.

गाव सोडून जायचे असेल, तर कॉलेजमध्ये आधीच्या वर्षाला असलेल्या नाशिकच्या एखाद्या विद्यार्थ्याचा नंबर मिळवावा आणि त्याला तीनच प्रश्न विचारावेत: वसतिगृहात पहिल्या दिवशी काय लागते, मेस कशी आहे आणि कोणती पुस्तके व साहित्य घ्यायची घाई करू नये. हाडांचा संच बहुतेक ठिकाणी वरच्या वर्षाकडून खालच्या वर्षाकडे येतो. एप्रन, डिसेक्शनची पेटी आणि स्टेथोस्कोप कॉलेज सांगेल तेव्हा आणि सांगेल तसेच घ्यावेत. सुरुवातीला फाउंडेशन कोर्स असतो, तो टाळण्यासारखा समजून गणपतीच्या किंवा घरच्या कार्यासाठी उशिरा हजर होऊ नये. थिअरीला 75 आणि प्रात्यक्षिकाला 80 टक्के हजेरी लागते, आणि उशिरा लागलेल्या यादीतून आलेल्यांना ती भरून काढताना दमछाक होते.

झोपेची वेळ मात्र याआधी साधारण दोन आठवड्यांपासूनच अलीकडे आणायला सुरुवात करावी. रात्री दोनला झोपण्याची सवय असेल, तर दर दोन दिवसांनी वीस-वीस मिनिटे आधी झोपावे आणि सकाळी उठून उजेडात चालायला जावे. घरच्यांशी बसून महिन्याला किती पैसे लागतील, ते कोणत्या तारखेला येतील आणि फोन दिवसाच्या कोणत्या वेळी करायचा, हे बोलून घ्यावे. डिसेक्शनच्या वेळेत आईचे सहा मिस्ड कॉल पाहून घाबरणारी मुले आणि उत्तर न आल्याने घाबरणाऱ्या आया, दोघांचीही त्यामुळे सुटका होते. निघताना मूळ कागदपत्रांची फाइल सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावी, प्रतींचा एक संच घरी ठेवावा आणि लसीच्या तिसऱ्या डोसाची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवावी.